पाठीतली हवा

१४ जून, शनिवार

टांगून घेतलं! पाठीच्या कातडीत चार लोखंडी आकडे, त्यांना दोर, वर मेंढ्या कातरायच्या जुन्या शेडचं आढं — आणि मी अधांतरी. दोर मर्नाच्या हातात; असं हौसेनं टांगून घेणाऱ्यांचा गट तीच चालवते. चढवण्याआधी ती प्रत्येकाला विचारतेच — ‘का?’ ‘स्वतःला शिक्षा म्हणून’ असं कुणी म्हटलं की सरळ घरी पाठवते. मी म्हटलं, ‘तिलीचं दुखणं मला न विचारता आलं. हे मी बोलावलंय. आणि नको झालं की उतरव म्हणता येतं.’

‘चढ, बाई,’ म्हणाली.

तिली आमची लेक. दवाखान्यातून घरी आलीच नाही. वर गेल्यावर मी मोठ्यानं रडले. घरी कुठे रडता येतं? तिचं नाव काढलं की कॅलम उठून बाहेर जातो.

१५ जून

आकड्यांच्या भोकांतून कातडीखाली हवा शिरते. उतरल्यावर पाठ दाबून ती काढावी लागते. काल सगळे सरसावले. मी म्हटलं, नवरा काढेल. ‘काढेल ना नक्की? नाहीतर फुगशील बेडकीसारखी!’ — मर्ना.

खोटं कशाला लिहू, त्याचसाठी हवा तशीच ठेवली. फेब्रुवारीत तिली गेली, तेव्हापासून कॅलमनं मला बोट लावलेलं नाही. नवरा आहे माझा!

त्याला पाठ दाखवली. ‘वेड लागलंय तुला! आधीच काय कमी भोगलं?’ ओरडला, ओरडला. मग हात धुऊन आला. दाबत राहिला. कातडीखाली कुरकुर वाजत होतं. ‘दुखतंय?’ नाही म्हटलं. जीव जात होता. पण हो म्हटलं असतं तर थांबला असता.

१६ जून

आज परत. पाठ दाबून दिली त्यानं; हवा थोडीच उरलीय.

२१ जून, शनिवार

मर्नाला म्हटलं, परत चढव. तिनं पाठ बघितली. ‘भोकं भरली नाहीत अजून. एवढी घाई का?’

 तोंडातून गेलंच — ‘म्हणजे तो हात लावेल.’

सगळे आपापले बूट बघायला लागले. जीभ मधोमध चिरून घेतलेला डेस, एरवी एवढा तोंडाळ मेला, तोही! मर्नानं दोर गुंडाळून ठेवला. ‘हे आमच्याच्यानं नाही व्हायचं, पोरी. त्याला सांग.’

काय सांगू? हात लाव म्हणून भीक मागू? गाडीत हमसून हमसून रडले.

२२ जून

टोस्ट करपले. तसेच खाल्ले दोघांनी.

२४ जून, मंगळवार

सकाळी कॅलम हात धुऊन आला. माझ्या मागे बसला, माझा सदरा वर केला. हवा कधीचीच संपलीय, बोटांना कळतंच ना! तरी दाबत राहिला. मग पाठीमागूनच म्हणाला, ‘तिलीचं नाक तुझ्यावर गेलं होतं.’