दोनशे चौदा प्रयोगांचा नवरा

शुब्रा, कैरो
बुधवार, दुपारचा चहा झाल्यावर

आदरणीय अब्ला तफीदा,

तुझ्या दोन्ही हातांचं आदराने चुंबन घेतो (उजव्याचं जरा जपून, कारण लहानपणी पट्टी त्याच हातात असायची) आणि अल्लाह तुला शंभर वर्षं पुरी देवो, म्हणजे अजून एकवीस, अशी दुआ हा धाकटा भाऊ करतो. गुडघे कसे आहेत? नव्या डॉक्टरने दिलेलं मलम लावतेस, की अजून काळ्या जिऱ्याचं तेलच? गच्चीवरची कबुतरं शेजारच्यांनी पळवली हे तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. त्यावर माझं मत असं की ती स्वतःहून गेली असावीत, कारण मुख्याध्यापिकेच्या घरात राहणं कबुतरांनाही अवघडच. माझं म्हणशील तर रक्तदाब ठीक आहे, दात एकेक करून निरोप घेतायत, आणि दारातून बाहेर येण्याचं काम वर्षाकाठी तीन-चार वेळा मिळतं.

हे काम काय ते तुला माहीतच आहे, पण चाळीस वर्षांत तू त्याबद्दल एकदाही विचारलं नाहीस म्हणून एकदाच सविस्तर सांगतो. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडतं. मी बाहेर येतो, तोंडावरचा हिरवा कपडा खाली ओढतो, नातेवाइकांकडे पाहतो आणि म्हणतो, "आमच्या हातात होतं ते आम्ही केलं, बाकी अल्लाहच्या हाती." मग बाई बेशुद्ध पडते आणि मला घरी सोडतात. असे माझे त्रेसष्ट सिनेमे आणि मालिका झाल्या. एका दिग्दर्शकाने एकदा मला आणखी एक वाक्य दिलं होतं ("पाणी आणा"), पण ते पुढे कापलं गेलं. कायद्याचं शिक्षण सोडून नाटकात गेलो तेव्हा तू अख्ख्या तंता शहरात सांगून टाकलंस की बयूमी वैद्यकीय शिकतोय. ती थाप मी पुढे दर रमजानला टीव्हीवर खरी करून दाखवत आलो. तुझ्या शेजारणीने माझा फोन नंबर मागून घेऊन मला तिच्या पित्ताशयाचा फोटो पाठवला आहे, तो अजून माझ्याकडे आहे.

पण त्याआधी, डोक्यावर केस होते तेव्हा, मी नायक होतो. ‘मंगळवारी निकाह’ नावाचं नाटक होतं. पहिल्या अंकात माझा निकाह लागायचा, दुसऱ्या अंकात सासू घरात यायची आणि तिसऱ्या अंकात मी बायकोला एका दमात तीनदा तलाक द्यायचो (इथे सगळ्यात जास्त हशा). बायकोचं काम इब्तिसाम हनफी करायची. तिचे वडील, हाजी हनफी, मुलीवर नजर राहावी म्हणून रोज संध्याकाळी थिएटरच्या तिकीटखिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे. नाटक दोनशे चौदा प्रयोग चाललं. म्हणजे त्या मुलीशी मी दोनशे चौदा वेळा लग्न केलं आणि सहाशे बेचाळीस वेळा तिला तलाक दिला, आणि या सगळ्या काळात नाटकाबाहेर तिच्याशी मी जे बोललो ते एका पोस्टकार्डावर मावेल. मला ती आवडायची, अब्ला. तू सात मुली दाखवल्यास आणि मी सातही वेळा पोटात दुखतंय म्हणून उठून गेलो, त्याचं कारण पोट नव्हतं. पण हाजी हनफींनी त्याच वर्षी तिला दातांच्या डॉक्टरला दिली (खऱ्या), तिने नाटक सोडलं, आणि माझे केस गळायला लागले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. टीव्हीवाल्यांनी त्या नाटकाचा एकच प्रयोग चित्रित केला, आणि मुहूर्त धरला शम्म अन-नसीमच्या वसंतसणाच्या रात्रीचा. आमच्यात सासऱ्याचं काम करणारे जे गृहस्थ होते त्यांनी दुपारी नदीकाठी बसून दीड किलो फसीख, म्हणजे खारवून मुरवलेला मासा, खाल्ला होता. मासा नीट मुरलेला नव्हता. पडदा वर जायला वीस मिनिटं असताना त्यांना रुग्णवाहिकेत घातलं. (ते वाचले, पण नंतर माशाचं चित्र बघितलं तरी उठून जायचे.) कॅमेरे लागलेले, प्रेक्षक बसलेले. मग कोणीतरी म्हणालं, की अख्खं नाटक पाठ असलेला एकच माणूस इमारतीत आहे आणि तो तिकीटखिडकीपाशी बसलाय. हाजी हनफींना झब्बा चढवून आत ढकललं. माणसाने काम चोख केलं. फक्त निकाहाच्या प्रसंगात, शेख समोर, नवरा समोर, हातात हात, वर रुमाल, तेव्हा त्यांची जीभ नाटकातून निसटली. लेखकाने लिहिलेलं नाव बाजूला राहिलं आणि ते म्हणाले, "माझी मुलगी इब्तिसाम मी तुला निकाहात देतो." मी म्हणालो, "कबूल." शेखाचं काम करणारा नट दोन वर्षं मदरशात शिकून पळालेला होता, त्यामुळे त्याने पुढचं सगळं बिनचूक म्हटलं. साक्षीदार दोन. समोर सहाशे माणसं. कोणाच्याही लक्षात आलं नाही, आणि ज्याच्या आलं तो बोलला नाही.

यंदा ईदच्या दुसऱ्या दिवशी एका वाहिनीने ते नाटक लावलं. ईदला जुनी नाटकं लावायचीच असतात, लोकांना सणाची कहक बिस्किटं खाताना कोणाला तरी हसायला लागतं. पहिला अंक संपला आणि आमच्या गल्लीतली वीज गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. म्हणजे अख्ख्या गल्लीने माझं लग्न पाहिलं आणि तलाक कोणीच पाहिला नाही. संध्याकाळी मी कॉफीहाउसात मेणबत्तीशी बसलो होतो, तेव्हा आमच्या मशिदीचे तरुण इमाम शेख अशमावी माझ्यासमोर येऊन बसले. चांगला मुलगा आहे, अभ्यासू, फक्त कुठलीही गोष्ट अर्धवट सोडणं त्याला जमत नाही. त्याने बोटांवर मोजून दाखवलं: वडील खरे, मुलीचं नाव खरं, साक्षीदार दोन, देऊ केलं, स्वीकारलं. आणि निकाह हा चेष्टेत केला तरी चेष्टा राहत नाही, असं थोरांनी बजावून ठेवलेलं आहे. "उस्ताद बयूमी," तो म्हणाला, "मला भीती वाटते की तुम्ही एक्केचाळीस वर्षं विवाहित आहात."

पुढचं तुला कल्पनेनेही कळेल. न्हाव्याने अभिनंदन करून दाढी फुकट केली. समोरच्या बाल्कनीतल्या उम्म सुहैरने लग्नघरात घालतात तसा तिथूनच लांबलचक सूर लावला. कॉफीहाउसात दोन तट पडले, आणि जो तट मला विवाहित मानत होता त्याने मला रात्री बाहेर बसल्याबद्दल बोलायला सुरुवात केली. मला तिसरा अंक आठवत नव्हता असं नाही, अब्ला. चांगला आठवत होता. पण कोणी विचारत नव्हतं, आणि न विचारलेलं बोलायची मला सवय नाही.

इब्तिसामबद्दल सांगायचं राहिलं. डॉक्टर जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी कॅनडात, आणि पन्नाशीत परत कामाला लागल्यापासून ती मालिकांमधून आईची कामं करते. म्हणजे मी दारातून बाहेर येतो तेव्हा बेशुद्ध पडणारी बाई बऱ्याचदा तीच असते. नऊ वेळा पडली आहे (छान पडते, डोकं आपटू देत नाही). तेव्हा फोन करणं मला भागच होतं. मी तिला शेख अशमावी काय म्हणतात ते सांगितलं.  ती म्हणाली, बघू, दोन दिवसांनी कळवते.

सोमवारी तिचाच फोन आला. "उस्ताद बयूमी, मी विचार केला. मोठ्या शेखांच्या कचेरीतून पक्का निकाल येईपर्यंत ना तुम्ही परके, ना घरचे. शुक्रवारी जेवायला या. बाल्कनीत बसायचं, दार उघडं ठेवायचं. आणि येताना खालून गॅसचं सिलिंडर घेऊन या, लिफ्ट बंद आहे."

पाचवा मजला, अब्ला. मी अडुसष्ट वर्षांचा. तिसऱ्या मजल्यावर एका मुलीने मला ओळखलं आणि विचारलं, डॉक्टरसाहेब, तुम्ही सिलिंडर का उचलताय? मी म्हणालो, आमच्या हातात आहे ते आम्ही करतो. वर मुलूखिया होती, ससा घालून केलेली पातळ पालेभाजी, लसणाची फोडणी मी बसल्यावर दिलेली. तेव्हापासून पाच शुक्रवार झाले. मधल्या वारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिला मी नेतो (मोतीबिंदू, डावा), पडद्याची दांडी मी बसवली, ती परत पडली, परत बसवली. जेवण झालं की ती विचारते, निकालाचं काय झालं? मी म्हणतो, कचेऱ्यांची कामं, वेळ लागतो. ती म्हणते, लागू दे. खरं सांगायचं तर मी कचेरीत गेलोच नव्हतो.

पण शेख अशमावी गप्प बसेना. गेल्या रविवारी त्याने माझ्या हातात चिठ्ठी कोंबली आणि मला बसमध्ये बसवूनच दिलं. कचेरीत एक वृद्ध शेख होते, भुवयासुद्धा पांढऱ्या. मी सगळं सांगितलं, हाजी हनफींपासून रुमालापर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिसऱ्या अंकाचं काय?"  ते म्हणाले की तरुणपणी त्यांनी ते नाटक तिकीट काढून पाहिलं होतं. पहिला अंक खरा धरायचा तर तिसराही धरावा लागेल, मग तुम्ही तिला त्याच रात्री सोडलंत. आणि पहिला अंक नाटक असेल तर तुम्ही तिला कधी वरलंच नाहीत. शिवाय त्यांच्या मते नाटक ते नाटकच, वडिलांची जीभ घसरली म्हणून कोणी कोणाचा नवरा होत नाही. दोन्ही वाटांनी मी परकाच. "जे मनात नसतं ते ओठांनी म्हटलं, एवढंच ते," ते म्हणाले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "की तुमच्या मनात होतं?"

चाळीस वर्षं मी लोकांना वाईट बातम्या दिल्या, त्यामुळे त्या ऐकताना चेहरा कसा ठेवायचा ते मला येत नाही. मी म्हणालो, माझ्या होतं, तिचं माहीत नाही. ते म्हणाले, मग इथे काय करताय? घरी आलो आणि जेवलो नाही. निर्दोष सुटलेल्या माणसाने आनंदी व्हायचं असतं, आणि मी मात्र अशा गोष्टीसाठी रडलो, अब्ला, जी माझी कधी नव्हतीच.

असो. बाकी सर्व ठीक. इथे उन्हाळा लवकर आला आहे. तुझी तब्येत सांभाळ, तेल चोळून लगेच थंड पाण्यात हात घालू नकोस, आणि मला तुझ्या दुआत ठेव.

तुझा आज्ञाधारक (पस्तिसाव्या वर्षापासून) भाऊ,
बयूमी

ता. क. घरातलं वडील माणूस म्हणून आता तूच आहेस. मागणी घालायला मोठ्यांनी जायचं असतं, नवऱ्याने स्वतः जाणं आपल्यात बरं दिसत नाही. तर पुढच्या शुक्रवारी सकाळच्या गाडीने ये. सोबत तंताची मिठाई आण, हब्ब अल-अझीझचे गोड दाणे आण, आणि पहिल्या दहा मिनिटांत तिच्या घराच्या स्वच्छतेबद्दल काही बोलू नकोस. मी डॉक्टर आहे असंही सांगू नकोस, तिला माहीत आहे मी नाही ते.

दुसरा ता. क. निकाल लागला हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की शुक्रवार बंद होणार. तू आधी मागणी घाल आणि नकार आला तर निकालाचा विषयच काढू नकोस, म्हणजे तिच्या हिशेबी प्रकरण कचेरीत पडून राहील. यात थोडी लबाडी आहे. ती माझ्या नावावर लिही.

तिसरा ता. क. पत्र टाकायला निघालो आणि बाहेर जाताना लावायचा चष्मा सापडेना, तो वृद्ध शेखांच्या टेबलावरच राहिला होता. आज, गुरुवारी सकाळी आणायला गेलो. तिथला कारकून चष्मा देता देता म्हणाला, कमाल आहे, या नाटकाचं प्रकरण आमच्याकडे दोनदा आलं. ईदनंतर कचेरी उघडली त्याच रविवारी एक बाई आल्या होत्या, काळा चष्मा लावून, तोच प्रश्न, तीच नावं. शेखांनी त्यांनाही तेच सांगितलं होतं, की निकाह झालेला नाही, तुम्ही मोकळ्या आहात. मी त्याला दोनदा विचारलं, नक्की रविवारच ना? रविवारच. मला तिचा फोन आला सोमवारी. म्हणजे, अब्ला, पाचही शुक्रवार तिला माहीत होतं.