पडवीतला चिलर

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्यावरचा राग काही निवत नाही, आणि या उन्हाळ्यात तर तो एका काचेच्या टाकीवरून उसळला. नातीने घरात समुद्र मांडलाय. खारं पाणी, नखाएवढे चार मासे आणि जिवंत पोवळी. पाणी तापलं की ती पोवळी पांढरी पडून मरतात, म्हणून पाणी गार ठेवणारं यंत्र लागतं, चिलर. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मासे गार करायचे ते मेल्यावर.

यंत्राची घरघर पाहुण्यांना ऐकू येते म्हणून माझ्या लेकाने, तुमच्या लाडक्या नातवाने, ते टाकीखालच्या कपाटात कोंबलं आणि दार लावून घेतलं. गरम हवा बाहेर जाणार कुठून? आपलीच ऊब गिळत ते दिवसभर धापा टाकत होतं. त्यात आपली ही खारी हवा. मागची जाळी गंजलेली, धुळीने बुजलेली. ऐन वैशाखात बंद पडलं. पोर बर्फ झालेल्या बाटल्या टाकीत सोडत बसली, जेवणाचं भान नाही. लेक म्हणतो, "विकून टाक ती टाकी. उद्या सासरी गेलीस की कोण निस्तरणार?"

आबा, हे बोलणं तुमचं. मी लहान, मिरकरवाड्याच्या बंदरावर तुम्ही बर्फ फोडताय, मी टोपलीत भरून होडीवर देतेय, बोटं बधिर. शाळेतल्या बाई तिथवर आल्यात, पोरगी हुशार आहे, शाळा सोडवू नका म्हणतायत. तुम्ही हातातला टोचासुद्धा खाली ठेवला नाहीत. "सासरी जाऊन चूलच फुंकायचीय हिला." आणि लगेच होडी हाकणाऱ्या तांडेलाकडे वळून, बर्फ बेताचा नेऊ नको रे, उन्हाचा काय भरवसा, एक थर जास्तीचा घे. माशाला जास्तीचा थर. मला तिसरीसुद्धा पुरती नाही.

म्हणून लेकावर ओरडले, "तोंड मिट मेल्या, गाडी काढ." दुकानदार टाकीत पाणी किती एवढंच विचारून लहान यंत्र पुढे सरकवत होता. नात कानाशी म्हणाली, "आजी, दिवे नि पंपही पाणी तापवतात गो. ते यांनी हिशेबात धरलंच नाही." मी म्हटलं, "मग मोठं काढा." बोलले आणि जीभ चावली. तुमचाच जास्तीचा थर तोंडून निघाला होता. त्याचाही राग आला.

आता ते नवं यंत्र मागच्या पडवीत, भिंतीपासून हातभर लांब, मोकळ्या हवेत घरघरतंय. पाइप भिंतीतून नेलाय. नात ब्रश घेऊन जाळी झाडते, लेक भिंतीला पाडलेल्या भोकाकडे बघून तोंड वाकडं करतो. करू दे. थोडी पोवळी गेली, उरलेली रंग धरतायत. टाकी विकायचं नाव आता कोणी काढत नाही.

हे पत्र टाकणार कुठे, आणि तुम्हाला तरी कुठे वाचता येत होतं. पण एक खरं सांगते. सगळ्यांना वाटतं, नातीच्या मायेने म्हातारी दुकानात गेली. मी तुमच्याशी भांडायला गेले होते.