खोकल्याची लाइन

सेक्टर २, भिलाई
पौष, १९६१

माझ्या मायले रत्नमालाचा पाया पडून नमस्कार.

मी मजेत आहे. नर्सबायांचं क्वार्टर चांगलं आहे, शेजारीण रोज चटणी देते. माझी काळजी करू नको.

आमच्या दवाखान्याले दिल्लीहून पैसा मंजूर झाला. दारूची सवय अशा साध्या दवाखान्यात सुटते काय, हे डॉक्टरसाहेबाले वर्षभर पाहाचं आहे. त्यायनं हौसेनं वेगळी खोली केली, ‘दारू सोडा’ अशी पाटी लावली. एक माणूस फिरकला नाही! त्या पाटीखाली कोण उभं राहते? पैसा वापस जाते की काय, म्हणून साहेब उदास झाले.

मंग एक क्रेनवाला खोकल्याच्या लाइनीत येऊन बसला, अन् छाती तपासता तपासता हळूच दारूचं बोलला. साहेबानं त्याच दिवशी पाटी काढली. आता सगळे त्याच लाइनीत येऊन राहिले. आधी खोकून दाखवतात, मंग बोलतात. कोणी पुन्हा पेऊन येते, तरी साहेब रागवत नाही.

बाबाचा खोकला कसा आहे?

माय, माझी पत्रं तुले बाबाच वाचून दाखवतात, मले ठाऊक आहे. म्हणून बाबा, आता तुमालेच सांगते. मायले घेऊन या. पाटी काढली आहे.

तुमची दोघांची,
रत्नमाला