कलता केक

आदरणीय मार्लिसवहिनी,

अॅरिझोनाच्या वाळवंटातून लव्हॉनचा नमस्कार. दादाचा गुडघा कसा आहे? दारातला बर्फ तो अजून स्वतःच उपसतो, असं कानावर आलं. त्याला म्हणावं, फावडं ठेव खाली, एप्रिल आला की बर्फ आपला आपण जातो. चर्चच्या तळघरातली कॉफी अजून तशीच पातळ असेलच. आमची खुशाली म्हणाल तर मी बरी आहे, ऑर्लिन अंगाने ठणठणीत आहे. बाकीचं ओघात येईल. मार्चअखेर परत मिनेसोटाला निघायचं आहे. ऑर्लिन या खेपेला डोंगरातल्या वळणांच्या रस्त्याने न्यायचं म्हणतो. मला तो रस्ता मुळीच नको आहे, पण आमच्या राहत्या गाडीचं एवढं मोठं धूड मला चालवता येत नाही आणि ऑर्लिन दुसऱ्या कुणाला चाकाला हात लावू देत नाही, हे तुम्हांला माहीत आहे.

पत्र लिहायचं कारण मात्र ओव्हन. आमची ही चाकांवरची खोली विकणाऱ्या माणसाने तिच्यातल्या ओव्हनची अशी तारीफ केली होती, की मला वाटलं हा केक भाजून वर भांडीही घासून ठेवेल. एकाच डब्यात मायक्रोवेव्ह आणि पंख्याचा ओव्हन. पंखा कशाला, तर आतली गरम हवा सगळीकडे सारखी फिरावी म्हणून. ('सारखी' हा शब्द लक्षात ठेवा, वहिनी.) सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय, की नेहमीची कुठलीही कृती घ्या, पंचवीस अंश कमी करा आणि वेळ पाऊण धरा. म्हणजे साडेतीनशेच्या जागी सव्वातीनशे. इथपर्यंत मला समजलं. पण आईच्या निम्म्या कृतींत 'होईपर्यंत भाजावे' एवढंच आहे. आता 'होईपर्यंत'चा पाऊण काढायचा कसा, ते पुस्तिका लिहिणाऱ्याने येऊन सांगावं.

शिवाय तुम्ही दिलेलं ते नऊ बाय तेरा इंचांचं चौकोनी भांडं! बुडाला चिकटपट्टीवर माझं नाव लिहिलेलं, आपल्या गावातल्या निदान निम्म्या मयतांना जेवू घालून आलेलं. ते आत मावतं, पण फिरत नाही. काचेची थाळी फिरू लागली, की त्याचा कोपरा भिंतीला अडतो आणि थाळी कण्हत थांबते. म्हणून अर्धा हिवाळा मी गोल भांड्यात रांधत होते. वहिनी, गोल हॉटडिश! खाली खिमा, मध्ये डब्यातलं सूप, वर बटाट्याचे गोळे, सगळं अगदी तसंच, पण कापायला गेलं की त्रिकोणी फोडी पडतात आणि टोकाशी नुसतं सूप उरतं. असली हॉटडिश घेऊन आपल्याकडे कुणाच्या मयताला गेले, तर लोक मेलेल्याला सोडून माझ्याकडेच बघतील. त्यात सकाळी थंडीचा हीटर आणि ओव्हन एका वेळी लावले, की वीज जाते आणि ऑर्लिन अंधारात विचारतो, "मी काही दाबलं का गं?" बटणांवर रंगीत टिकल्या त्यानेच लावल्या होत्या. आता लाल टिकली कशाची, हे तोच मला विचारतो. परवा माझ्या लोखंडी भांड्यावर मायक्रोवेव्हचं बटण दाबून त्याने आत अशी आतषबाजी केली, की शेजारची डार्ला बघायला आली.

शेवटी मी काचेची थाळीच काढून टाकली आणि तुमचं भांडं जाळीवर ठेवलं. चौकोनी फोडी परत आल्या. पण भांडं फिरायचं थांबलं आणि नवं दुखणं सुरू झालं. केक कलायला लागले. गाडीच्या दाराच्या बाजूला जाड, पलंगाच्या बाजूला पापडासारखे. अर्ध्या वेळेने भांडं उलटं फिरवून पाहिलं, तर दोन्ही बाजू उंच आणि मध्ये खळगा. मग मी दाराकडच्या बाजूखाली चमचे सारायला लागले. माझ्या कृतीच्या कार्डांवर आता लिहिलेलं आहे: सव्वातीनशे अंश, पाऊण वेळ, दाराकडे दोन चमचे. (ही कार्डं मी गेल्यावर कुणाच्या हाती लागली, तर ती बाई डोकं धरून बसेल.)

तुम्ही म्हणाल, अगं, गाडीच तिरकी उभी असेल. ओट्यावर ठेवलेलं अंडं दाराकडे पळतं, न्हाणीघराचं दार आपोआप उघडतं, आणि झोपेत मी घरंगळत ऑर्लिनवर जाते. (त्याबद्दल तक्रार नाही.) पण ऑर्लिनला सांगितलं तर तो म्हणतो, "अगं, सपाट आहे की! तुझंच डोकं कललंय." आता सांगा, जन्मभर कपाटं बसवलेल्या सुताराशी मी वाद घालू? शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बुडबुड्याने सपाटी दाखवणारी छोटी पाणसळ घेऊन चर्चला जाणारा हा माणूस. आमच्या लग्नात त्याने केकवर पाणसळ ठेवून बेकरीवाल्याला घाम फोडला होता, तुम्हांला आठवत असेल. तेव्हा तो सपाट म्हणतो तर सपाट. मी ओव्हनला शिव्या देते.

मागच्या गुरुवारी त्याचा वाढदिवस झाला. आदल्या दिवशी तो लहान गाडी घेऊन केकसाठी दूध आणायला गेला, तो दिवस मावळताना परत आला, दुधाशिवाय. म्हणाला, "या लोकांनी रस्ते बदललेत." मी म्हटलं, असतील. डार्लाकडून दूध आणलं आणि सफरचंदाचा केक केला. पाहुणे येणार म्हणून घरातले सगळे चमचे टेबलावर मांडले होते, त्यामुळे भांड्याखाली सारायला एकही उरला नाही, आणि केक जो कलला, तो एखाद्या कौलारू छपरासारखा.

डार्ला आणि तिचा नवरा बड टेक्सासचे. माणसं सोन्यासारखी, पण संस्काराच्या नावाने शून्य. केक हवा का विचारलं, तर डार्ला पहिल्याच वेळी म्हणते, "हवा म्हणजे काय! दे की, त्या उंच बाजूचा दे!" वहिनी, पहिल्याच वेळी! आपल्याकडे कसं, एकदा 'नको गं, आत्ताच जेवलो', दुसऱ्यांदा 'कशाला उगाच त्रास', आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अगदी एवढासा'. मी मनात हसत होते. मग ऑर्लिनला विचारलं, आणि तोही म्हणाला, "हो, दे." पहिल्याच वेळी. इतक्या वर्षांच्या संसारात हे मी प्रथम ऐकलं. माझी सुरी हवेतच राहिली. मग मी म्हटलं, टेक्सासची हवा लागली बरं का याला, आणि सगळे हसले.

तेवढ्यात ऑर्लिनने खिशातून पाणसळ काढली आणि केकवर ठेवली. बुडबुडा सरळ टोकाला जाऊन बसला. बडने टेबलावर थाप मारली, "अरे, यात तर घसरगुंडी खेळता येईल!" हसून हसून डार्लाच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. ऑर्लिन मात्र खूप वेळ पाणसळीकडे बघत राहिला.

असा हा ओव्हन. तर वहिनी, तुम्ही एवढ्या सुगरण, पंख्याच्या ओव्हनात केक सरळ कसा आणायचा ते सवडीने कळवा. दादाला नमस्कार, मांजराला थोपटा.

तुमची नणंद,
लव्हॉन

ता. क. कृती शोधण्यात वेळ घालवू नका. तुम्हांला आधीच कामं काय कमी आहेत. राहिलं तरी चालेल.

दुसरा ता. क. खरं म्हणजे कृती शोधूच नका. ओव्हनचा काही दोष नाही. हे मी कपडे धुवायच्या खोलीत बसून लिहिते आहे, यंत्र थांबेपर्यंत. गाडी उभी केली की चाकांखाली घालायला ऑर्लिनने ओकचे ठोकळे स्वतः तासून केले होते, आठवतात? नोव्हेंबरात आल्यापासून ते खालच्या कप्प्यात सुतळीने बांधलेले तसेच पडून आहेत. तो घालायचेच विसरला. पहिलं अंडं पळालं त्याच दिवशी मी जाऊन बघितलं होतं. बडला सांगितलं असतं तर त्याने चहा निवायच्या आत ठोकळे घातले असते, पण मग ऑर्लिनला समजलं असतं, की गाडी तिरकी आहे हे सगळ्यांना दिसतं, आपल्यालाच दिसत नाही. म्हणून मी चमचे घालत बसले. आणि त्या दिवशी सगळे हसत होते तेव्हा ऑर्लिन माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "लव्हॉन, बुडबुडा कुठे असायला हवा गं?" मी म्हटलं, "मध्ये." तो म्हणाला, "हां, मध्ये," आणि केकचा चुरा लागलेली पाणसळ तशीच खिशात ठेवून दिली. वहिनी, मला फार भीती वाटते. गाडीत त्याच्यापासून चार हातांवर बसून रडताही येत नाही.

तिसरा ता. क. दादाने इतकी वर्षं शाळेची बस चालवली आहे. मार्चच्या शेवटी त्याला थंडीचा कंटाळा आला आणि ऊन खायला म्हणून तो विमानाने इकडे आला, तर परत जाताना आमच्याच गाडीतून येईल. मी काही मागत नाही, नुसतं सुचलं ते लिहिलं. त्याने फोनवर विचारलं तर मी म्हणेन, छे छे, आमचं उत्तम चाललंय. पुन्हा विचारलं तर म्हणेन, कशाला उगाच त्रास. त्याने फोन ठेवू नये. तिसऱ्यांदा विचारावं.

आणखी एक. गाडी चालवण्याबद्दल ऑर्लिनलाही त्याने तसंच विचारावं, हसतखेळत, 'जरा हात साफ करू दे की' असं. एकदा नाही म्हणेल, दोनदा नाही म्हणेल, तेवढं धरून चालावं. पण तो पहिल्याच वेळी 'हो, घे' म्हणाला, तर दादाला आत्ताच बजावून ठेवा: माझ्याकडे बघायचं नाही, चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नाही. किल्ली घ्यायची आणि गाडी सुरू करायची.