जाण्याचा खर्च

३ मे, सकाळ
दोन दिवसांसाठी म्हणून ताईकडे आलो, त्याला आठवडा झाला. आज तिने चहाबरोबर कामही दिलं. माझी भाची, मुंगी (खरं नाव वेगळं, पण घरात कुणी वापरत नाही), सातवीत गणितात नापास झाली. ताई म्हणते, येत सगळं होतं, अर्धा पेपर कोरा ठेवून नुसती बसून राहिली. महिनाअखेर फेरपरीक्षा. तीही गेली तर मैत्रिणी आठवीत आणि ही पुन्हा त्याच बाकावर. फुकट जेवतोस, निदान तिचं गणित तरी घे, म्हणाली. मी म्हटलं, ताई, अगदी योग्य माणसाला सांगितलंस. तर म्हणते, दुसरा माणूस आहे कुठे घरात?
संकल्प : रोज सहाला उठणे. मुंगीला पैकीच्या पैकी.

३ मे, दुपार
पद्धत सुचली! पुस्तक बंद. प्रवासाचं बजेट आखायचं. गुणाकार, शेकडेवारी, सगळं त्यातच येतं. गणिताला मी दहावीत दोनदा बसलोय, म्हणजे अनुभव दुप्पट. आणि प्रवासात तर आपला हात कोण धरणार! कुठे जायचं ते मुंगीवर सोडलं. क्षणभरही न थांबता म्हणाली, बाबांकडे.
दाजी लांब एका बंदरावर क्रेन चालवतात. दोन वर्षांत आलेले नाहीत. आत ताईने पातेलं जरा जोरात ठेवलं.
मी म्हटलं, पास झालीस की खरंच जाऊ. मामाचा शब्द.

५ मे
उठायला नऊ. सहाचं उद्यापासून.
तिकिटं मांडली. मुंगीने स्वतःचं अर्धं धरलं. मग विचारते, परतीचं कुठे लिहू? हसूच आलं. म्हटलं, मुंगे, खरा प्रवासी परतीचं आधी धरत नाही. तिथे गेल्यावर बघू. मी एवढा फिरलो, एकदा तरी धरलं का? ती म्हणाली, मग परत कसा येतोस? म्हटलं, तुझी आई पैसे पाठवते. तो पुढचा धडा.

८ मे
लॉजचं भाडं. वीस टक्के सूट, उरलेल्यावर आणखी वीस. मी म्हटलं, झाली चाळीस. मुंगी म्हणाली, छत्तीस. शंभर रुपये धरून करूनही दाखवलं. मी मुद्दामच चुकलो होतो, विद्यार्थी जागा आहे का ते बघायला. जागा आहे.

१२ मे
नकाशा आणायला बाहेर पडलो. वाटेत रस्ता खोदत होते, ते बघत थांबलो. पुढे एकाच्या सायकलची चेन उतरली होती, ती बसवून दिली. मग त्याच्याच सायकलवर चक्कर मारली. घरी आलो तेव्हा दिवे लागलेले. नकाशा राहिला.
मुंगीने तोवर जेवणाचा खर्च काढून ठेवला होता. चार माणसांचा. मी समजावलं, बाबांचं जेवण बाबांकडे, तो खर्च आपला नाही. म्हणाली, पहिल्या दिवशी तरी आपण त्यांना घालू या. राहू दिला. शिक्षकाने फार ताणू नये.

१९ मे
दाजींना फोन लावला. मुंगी शेजारी. पलीकडे यंत्रांचा खडखडाट. म्हणाले, या की, जरूर या, पण आत्ता नको, काम फार आहे. मी मुंगीला ‘या की’ एवढंच सांगितलं. ती हसली. फोनचा आवाज मोठा होता, हे नंतर लक्षात आलं.
ताई भांडी घासता घासता म्हणाली, जाताना एकच तिकीट काढलं होतं. परतीचं काढा म्हटलं तर म्हणाले, बघू तिथे गेल्यावर. तेव्हाच कळायला हवं होतं.
मी विषय बदलला.

२६ मे
पेपर झाला. मुंगी उड्या मारत आली. दहा मार्कांचं शेवटचं गणित सहलीच्या खर्चाचंच! मी ताईकडे असं पाहिलं की बस. ताईने माळ्यावरची बॅग खाली काढून पुसली. दोन वर्षांत पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं तिला.

३१ मे
तीन मार्कांनी गेली.
शाळेत बाईंनी पेपर दाखवला. शेवटच्या गणितात दहापैकी चार. रीत सुबक, सूट बरोबर. फक्त परतीचं भाडं कुठेच नाही. बाई मला म्हणाल्या, एवढी हुशार मुलगी, हे राहिलं कसं? मी म्हटलं, घाईत सुटलं असेल.
मुंगी म्हणाली, सुटलं नाही, बाई. परतीचं आधी धरत नाहीत. मामा धरत नाही. बाबांनीपण धरलं नव्हतं.
ताई खिडकीबाहेर बघत राहिली. मीही तिकडेच बघितलं. बाहेर काही नव्हतं.

२ जून
शांतपणे विचार केला. माझ्यामुळे मुंगीच्या अभ्यासात व्यत्यय येतो. शैक्षणिकदृष्ट्या मी जाणंच बरं. बंदरावरच जातो, दाजींशी समोरासमोर बोलतो आणि त्यांना घेऊनच येतो. ताईने पर्स मुंगीकडे दिली. मुंगीने पैसे मोजून माझ्या हातात ठेवले. म्हणाली, जायचं एक, यायची दोन.
स्टँडवर खिडकीतल्या माणसाने विचारलं, रिटर्न काढायचं? मागे रांग होती. म्हटलं, एकच द्या, बाकीचं तिथे गेल्यावर बघू.
बस सुटता सुटता मुंगी माझ्या खिडकीखाली आली. विचारते, तिन्ही नीट ठेवलीस ना? मी खिशावर थाप मारली.
उद्यापासून सहाला उठणे.