लाल रंगाखालचा बोल्ट

बाबा, गाडीतला टेप काल मी उघडला. तुम्हाला न सांगता उघडला, हे आधीच सांगून टाकते. ज्यानं जोड मारला त्यानंच तो उघडायचा, दुसऱ्याला हात लावायचा असेल तर आधी त्याला सांगायचं, हा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधला तुमचा नियम तुम्ही घरातल्या इस्त्रीलासुद्धा लावायचात. आईनं एकदा तुमच्या मागे शेजारच्या काकांकडून मिक्सरचा प्लग बदलून घेतला, तर दोन दिवस तुम्ही तिच्याशी धड बोलला नव्हतात. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, आणि ही दहा वर्षं तो टेप मुका होता. कुणी म्हटलं, दुरुस्त करून घे, की मी ऐटीत सांगायचे, "माझ्या बाबांनी बसवलाय, त्याला कुणी हात लावायचा नाही." लोकांना वाटायचं, केवढी ही लेकीची माया! माया होतीच. पण नुसती मायाच होती असं नाही.

आता तुमची नात गाडी शिकली आहे. "आई, गाणी नसलेल्या या डब्यातून मी कॉलेजला जाणार नाही," म्हणाली. म्हणून परवा दांडिया बाजारातल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं खिडकीतून डोकं आत घातलं, टेप बघितला आणि लगेच निकाल दिला, "बेन, आ तो हवे काढी ज नाखो. सीडीवाळो नाखी आपुं, अडधा कलाकनुं काम." काढूनच टाका म्हणे, अर्ध्या तासात सीडीवाला बसवून देतो! वायरला हात नाही, फ्यूज बघितला नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "पण भाई, बगड्युं छे शुं, ए तो जुओ!" तो हसला. "जूनुं थयुं एटले बगड्युं, बीजुं शुं?" जुनं झालं म्हणून बिघडलं, हे काय उत्तर झालं? तुमच्यासमोर असं बोलला असता, तर तुम्ही त्याला तिथेच बसवून वायर मोजायला लावली असतीत. गाडी घेऊन मी तडक घरी आले.

आपण डभोईला गेलो होतो तो दिवस तुम्ही जाण्याआधी विसरला असाल, अशी आशा मी बरीच वर्षं केली. गाडी नवी होती, लालभडक, बँकेत ऑफिसर झाल्यावर मी स्वतः घेतलेली. टेप तुम्ही दोन रविवार खपून बसवला होता. वायरींना पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी मारल्या होत्या, पॉझिटिव्हला एक आणि गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या अर्थिंगला दोन, म्हणजे पुढच्याला शोधावं लागू नये. तुम्ही पुढे बसलेले, मागे हे आणि सासूबाई. खड्डा आला की गाणं बंद, पुढे गेलं की पुन्हा चालू. चौथ्या खड्ड्याला सासूबाई हसल्या आणि माझा तोल गेला. "बाबा, हे रेल्वेचा डबा दुरुस्त करण्याइतकं सोपं नाही. चांगल्या माणसाकडून करून घ्यायला हवं होतं." चांगल्या माणसाकडून! असंच म्हटलं मी, तुमच्या तोंडावर, माझ्या सासरच्या माणसांसमोर. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि काचेतून बाहेर बघत राहिलात. पुढच्या रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन आलात, तर मी दारातच म्हटलं, "राहू द्या, आता हात नका लावू." तुम्ही चहा घेतलात आणि सायकलवरून परत गेलात. टेप मीच बंद करून टाकला. त्या दिवाळीनंतर तुम्ही गेलात.

तर काल सकाळी माळ्यावरून तुमचा टेस्ट लॅम्प काढला, तोच तो, होल्डरमधला बल्ब आणि त्याच्या दोन वायरी. कामाची मला भीती नाही, बाबा. तुमचं बघून बघून शिकलेली आहे मी. फ्यूज चांगला होता. लॅम्पचं एक टोक एका गाठीच्या वायरला आणि दुसरं दाराच्या बिजागरीला लावलं, तर बल्ब लख्ख पेटला. म्हणजे करंट टेपपर्यंत येत होता. मग दुसरं टोक दोन गाठींच्या वायरला लावलं, तर काही नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "अर्थिंग!" अंगणात कुणी नव्हतं, तरी म्हटलं. ती वायर धरून हात खाली नेत गेले, ड्रायव्हरच्या पायाजवळ, जिथे तुम्ही पत्रा खरवडून बोल्ट मारला होता. टॉर्च मारला, तर बोल्टखाली लाल रंग. गाडीच्या लालपेक्षा जरा गडद, आणि त्यात ब्रशचा एक केस चिकटलेला.

कप्पाळ माझं! तो रंग माझा होता, बाबा. नव्या गाडीत तुम्ही तेवढाच पत्रा खरवडून उघडा केला होतात, ते मला बघवलं नव्हतं. गंज चढेल, दिसायलाही वाईट. तुम्ही टेप बसवून गेलात त्याच आठवड्यात मी बोल्ट काढला, टचअपच्या बाटलीतला रंग दोन हात लावला, वाळू दिला आणि बोल्ट परत पिळला. तुम्हाला सांगितलं नाही. उघड्या पत्र्याशिवाय अर्थिंग लागत नाही, रंगावरून ते असं खड्ड्याखड्ड्याला सुटतं, हे तुमच्या मुलीला कळायला हवं होतं. डभोईहून आल्यावर एकदा मनात चमकून गेलंही होतं. तेव्हापासून तो टेप मी कुणाला उघडू दिला नाही, तो एवढ्यासाठी. तुम्ही बरोबर निघाल याची मला धास्ती होती.

पॉलिश पेपरनं रंग काढला, बोल्ट आवळला. टेप वाजला, बाबा! गल्लीतल्या प्रत्येक खड्ड्यातून मुद्दाम गाडी घातली, एकदाही अडकला नाही. पण तिसऱ्या गाण्याला त्यानं कॅसेट गिळली. आतला रबरी पट्टा कडक झालाय. तेव्हा मी ठरवलं आणि त्यात रडण्यासारखं काही नाही: टेप बदलायचा. वायरी मात्र तुमच्याच राहतील. आज त्याच दुकानात गेले आणि उभी राहून नवा सेट तुमच्या गाठींवर जोडून घेतला. दुकानदार दोरा बघून म्हणाला, "वायरिंग कोणे कर्युं छे? बहु चोख्खुं काम छे." मी म्हटलं, "मारा बापुजीए." मान ताठ होती माझी.

एवढंच लिहून थांबणार होते. पण दुपारी जेवताना यांनी विचारलं, "काय निघालं शेवटी? बाबांच्या वायरिंगमध्येच होतं ना काहीतरी?" सासूबाई समोर होत्या, नात वाढत होती. मी भातावर वरण घेतलं आणि म्हटलं, "हो, जुनं झालं होतं."