अर्धा तास आधी फुटलेला नारळ

आप्पा, तुमचं नाव मागायला लोक आले होते. कोपरगावला, माझ्या घरी, रविवारी दुपारी मी जेवून जरा आडवा झालो होतो तेव्हा. हातात पेढ्यांचा बॉक्स. बेलापुरात म्हणे त्यांनी आकाश बघणाऱ्यांचं मंडळ काढलंय. मंडळ! गणपतीचं असतं तसं. त्यांचा म्होरक्या ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतो, तुमचा विद्यार्थी, माझ्यापुढं दोन वर्षं होता. तो म्हणाला, "मंडळाला सरांचं नाव द्यायचं ठरलंय. तुमी फकस्त व्हय म्हना." तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, आणि ह्यांना आत्ता आठवण आली. मी म्हणालो, आधी तुमचं काम बघतो, मग सांगतो. तर लगेच बुधवारचं आमंत्रण. परदेशातलं एक यान बुध ग्रहाच्या अगदी अंगाला घासून जाणार होतं. थांबणार नाही, उतरणार नाही, नुसतं जवळून वळसा घेऊन पुढं निघून जाणार. आणि हे त्यांना साजरं करायचं होतं.

त्यांनी मला त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं तिथंच माझं डोकं फिरलं. तुम्ही शाळेत खगोल शिकवायचात तेव्हा फळ्यावरचं वर्तुळसुद्धा दोरी धरून काढायचात. इथं सकाळपासून नुसता पोरकटपणा. एकानं यानाच्या जागी लाल एसटी चिकटवली होती आणि खाली लिहिलं होतं, 'बुध फाट्यावर गाडी थांबणार नाही, हात दाखवू नये.' दुसऱ्यानं लिहिलं, आज बुधवार, म्हणजे बुध घरीच असणार. ह्यावर हसून लोळणारी चाळीस तोंडं. आणि बुधाला त्यांचं कायमचं नाव काय, तर 'घरजावई'. जो तो आपला 'घरजावई उठला का', 'घरजावयानं चहा घेतला का' विचारतोय. ग्रहांबद्दल बोलताय की सोयऱ्याधायऱ्यांबद्दल? मी कारखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं उसाच्या रसाचे नमुने तपासतोय, दशांश चिन्हापुढचा आकडा चुकला तर साहेबाची बोलणी खातोय. मला हे सहन होत नाही. ह्या हौशी टोळक्याला तुमचं नाव द्यायचं? डोंबल!

त्यात मंगळवारी वेळेचा मेसेज आला. 'यान बुधाजवळ बरोबर दहा वाजून एकोणसाठ मिनिटांनी. नारळ वेळेवर फुटेल.' मी ग्रीनिचची वेळ शोधली, पाच वाजून एकोणसाठ. म्हणजे आपल्याकडं अकरा एकोणतीस. त्यांनी पाच तास मिळवले होते आणि वरची तीस मिनिटं खाल्ली होती. चूक माझ्या लगेच ध्यानात आली, कारण मला ती ओळखीची होती. बोटानं दोन ओळी लिहिल्या असत्या तर काम झालं असतं. मी लिहिल्या नाहीत. म्हटलं, होऊ दे फजिती. मला ती बघायची होती, आप्पा, त्यासाठी ऐन गळिताच्या हंगामात मी रजा टाकली.

दुकानाच्या वरच्या गोदामात कार्यक्रम. फिल्टर आणि बेअरिंगच्या खोक्यांमध्ये सतरंजी, भिंतीला पांढरी चादर, चादरीवर कॉम्प्युटरवरचं चित्र. ते तरी खरं असावं? तेही नाही. यान कुठवर पोचलं ते दाखवणारं कार्टून, एक ठिपका दुसऱ्या ठिपक्याकडं सरकतोय. त्या कार्टूनला उदबत्ती ओवाळली. दहा एकोणसाठला दुकानवाल्यानं जोरात नारळ फोडला, टाळ्या, शिट्ट्या, एका म्हाताऱ्यानं खिशातून शंख काढला आणि फुंकला. मी मागं खोक्यावर बसून घड्याळाकडं बघत होतो. मग सरकारी दवाखान्यातली एक नर्स, ड्यूटीचा पांढरा कोट घालूनच आलेली, चादरीजवळ गेली आणि म्हणाली, "काका, ह्ये यान तर अजून लई लांब हाय की." दुकानवाल्यानं मोबाईल काढला, ओठ हलवत हिशोब केला, कपाळावर हात मारला. आता ह्याचं तोंड पडणार, ह्यासाठी तर मी आलो होतो.

आणि तो हसायला लागला. पोट धरून. "आरं, अर्दा तास खाल्ला की मी! घरजावयाला झोपंतनं उठवायला गेलो!" सगळं गोदाम खदखदलं. कुणी कुणावर डाफरलं नाही. नर्स म्हणाली, खोबरं तर खाऊन घ्या, दुसरा नारळ आणते. मला कळेना ह्यांना लाज कशी नाही. दुकानवाला डोळे पुसत माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "पाच तास मिळवायचं सरांनीच शिकिवलं, आन् वरचा अर्दा तास इसरायचा बी सरांनीच. आठवतंय ना? तुमी बी हुता की मैदानात."

मी म्हणालो, होतो की.

मग तो सांगत सुटला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दिवाळीची सुट्टी, थंडी, बुध सूर्यासमोरून जाणार म्हणून सरांनी भल्या सकाळी पोरं बोलावलेली. दुर्बिणीतनं कागदावर सूर्याचा गोल पडलेला, आणि त्यात ठिपक्याचा पत्ता नाही. सरांनी घड्याळ बघितलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, पोरांनो, मास्तर अर्धा तास आधी उठला. "मंग म्हनले, बुध म्हंजी सूर्याचा घरजावई. सासऱ्याच्या म्होरनं जायचं म्हनल्यावर त्याचा पाय उचलंना, चपला शोधतोय. आन् मला मदी हुबा केला, सूर्य म्हनून. सर सोता बुध झालं. चवड्यावर चालत, धाकानं माज्याकडं बघत, चपला हातात घेऊन. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. त्या दिवसापास्नं मला ह्ये याड लागलं बगा."

आप्पा, तुम्ही? तुम्ही चवड्यावर? आमच्याकडं तुम्ही जेवताना बोललात तर मीठ मागायला.

मला त्या दिवशीचं स्वयंपाकघर आठवतं. आई चुलीपुढं भाकरी थापतेय. तुम्ही आत येता, नाक थंडीनं लाल, हातात तो कागद. सूर्याचा गोल आणि त्यात टोकदार पेन्सिलीनं काढलेला एवढासा ठिपका. "बघ, हा बुध. तुझ्यासाठी आणलाय," म्हणता, आणि आईला सांगायला लागता की पाच तास मिळवले आणि वरची तीस मिनिटं राहूनच गेली. तुम्ही हसताय. मी तेरा वर्षांचा. मी म्हणतो, "आप्पा, सगळी पोरं तुमाला हसत हुती. मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तुमी." तुम्ही माझ्याकडं बघता. कागदाची घडी करता. मला वाटतं आता थोबाडीत बसणार, पण तुम्ही नुसतं "बरं" म्हणता आणि हात धुवायला मोरीत जाता. त्यानंतर घरात तुम्ही आकाशाचं नाव काढलं नाहीत. माझी अशी समजूत की शाळेतही काढलं नसेल. तर हा दुकानवाला सांगतो की तुम्ही निवृत्त होईपर्यंत दर थंडीत मैदानावर हशा असायचा.

अकरा एकोणतीसला दुसरा नारळ फुटला. ठिपका ठिपक्याला लागून गेला, नर्स आनंदानं किंचाळली, शंखवाल्याला ठसका लागला. मी चहा न घेता निघालो.

सोमवारी त्या दुकानवाल्याला कळवून टाकलं. 'वडिलांना असली थट्टामस्करी खपत नसे. त्यांचं नाव देऊ नये.' एका मिनिटात त्याचं उत्तर आलं, 'बरं, तुमी म्हनता तसं,' आणि जोडलेले हात. एका शब्दानं भांडला नाही मेला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहितोय. पोरं तुम्हाला हसताना मी ऐकलंच नव्हतं, आप्पा. कागद कोरा दिसला, तुम्ही कपाळाला हात लावलात, आणि मी तिथूनच शाळेच्या मागनं घरी पळालो. पुढं कोण काय हसलं ते मी चुलीजवळ बसून माझ्या मनानं ठरवलं आणि तुम्हाला सांगितलं. सोमवारचा मेसेजही तसाच, घरी बसून माझ्या मनानं लिहिलेला. दुकानवाल्याचा नंबर आहे माझ्याकडं. अजून लावलेला नाही.